येसर वाढलं

१ जुलै २००१, रविवार

सु.ला दुपारच्या नांदेड गाडीत बसवलं. खिडकी मिळवून दिली. कंडक्टरची बायको उभी गेली असती तर डेपोत तोंड दाखवायला जागा नव्हती. गाडी हलेपर्यंत तिचं चालूच. चिमीच्या वेण्या, आबांच्या बी.पी.च्या गोळ्या, दूधवाल्याचा खाडा. शेवटी म्हणाली, "सांगून ठेवते. माझं लेकरू आन् आबा उपाशी राहून राहिले असं कानावर आलं, तर बी.एड. गेलं उडत. पेटी घेऊन माघारी येईन."

येईलच. लग्नात बारावी पास होती. मग चिमी मांडीवर, पुस्तक चुलीपाशी, असं करत करत एकेक पेपर काढून बी.ए. झाली. आता नंबर लागलाय. एक वर्ष होस्टेल, मग मास्तरीण. हे वर्ष माझ्यामुळे मोडलं तर मी माणूस नाही. मी म्हटलं, "तू खुशाल जा. मी काय कुकुलं बाळ हाय?"

चिमी मागून, "पप्पा, तुमाला चहा तरी येतो का?"

नऊ वर्षांची कार्टी. चहा येतो मला.

माझा विचार पक्का झालाय. पहाटे वसमतची पहिली गाडी माझी, घरी यायला दिवस बुडतो. रोज रांधणं जमायचं नाही. तेव्हा रविवारी एकदाच आठवड्याचं रांधून ठेवायचं, मग सहा दिवस राजासारखं खायचं. इतकी सोपी गोष्ट बायकांच्या डोक्यात कशी आली नाही याचंच नवल वाटतं.

संध्याकाळी मोठ्या पातेल्यात वरण केलं. बटाट्याची भाजी परातभर. झकास.


३ जुलै, मंगळवार

बायकांच्या डोक्यात का आली नाही ते कळलं. वरणाला फेस. झाकण काढलं तर वरण आपलं आपणच बोलत होतं, बुडुक बुडुक. बटाट्याला तार सुटली. सगळं उकिरड्यावर. कुत्र्यानेही वास घेऊन माझ्याकडे पाहिलं.

आबांनी तर कालही हात लावला नव्हता. "शिळं हाय."

"आबा, कालचंच तर हाय."

"कालचं म्हंजेच शिळं."

उठले, काठी घेतली, नाक्यावर जाऊन भजी खाऊन आले. पासष्टी उलटलेला बी.पी.चा माणूस. सु.ला कळलं तर...


५ जुलै

आज सुट्टे पैसे, पाऊस, गर्दी, सगळं एकदम. घरी आलो तर कालचं वरण तसंच, आबा पुन्हा उपाशी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एवढी नखरेबाजी काहून? साऱ्या गावात लोक शिळं खातात."

आबांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आसोक, मी तुझ्या आजीच्या मागं टोपलं घेऊन फिरलो. दिसभर गावाचं काम करायचं आन् सांजच्याला दारोदार उभं राहायचं. वरून टाकायचे तुकडे. दोन दोन दिसांचे. आई ते पाण्यात भिजवून आमाला द्यायची. दीक्षा घेतली त्या दिवशी बानं टोपलं जाळलं. तवापासून शिळा घास या तोंडात गेला न्हाई. आता जाणार न्हाई."

हे मला माहीत होतं. पण घरातल्या भांड्यासारखं, आहे म्हणून माहीत. आज आत शिरलं. उठलो आणि भाकरी थापायला बसलो. पहिली तव्यावर अर्धी, अर्धी बाहेर. आबांनी ती गरम गरम खाल्ली आणि म्हणाले, "चव बराबर हाय. मोडली तर मोडली."

फार बरं वाटलं. पण प्रश्न तिथेच. आठवड्याचं रांधायचं, आणि शिळं होऊ द्यायचं नाही.


८ जुलै, रविवार

आज आबांना विचारून विचारून शिळ्याचा कायदा ठरवला. चिमी वकील.

चिमी: लोणचं शिळं का?

आबा: लोणचं मुरतं. शिळं व्हत न्हाई.

पापड? न्हाई. चटणी? कोरडी असंल तर न्हाई. दही?

इथे आबा अडकले. दही रात्रीचंच असतं आणि आबांना दही लागतंच. जरा वेळाने म्हणाले, "दही सकाळी जलमतं. ते आजचंच."

भाकरी? सकाळची दुपारला चालते. दिवस बुडाला की तिचं आयुष्य संपलं.

मग तर चटण्याच. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची केली. कारळं जरा जास्त भाजली गेली, कडवट लागतात. खलबत्त्याने तळहाताला फोड आला. तिकीट फाडताना उद्या मजा.


२२ जुलै, रविवार

गेले पंधरा दिवस आमच्या घरी कोरड्या चटणीचं राज्य. सकाळी चटणी, रात्री चटणी, डब्यात चटणी. चिमी म्हणे शाळेत पोरी मला चटणी म्हणतात.

कोपऱ्यावरच्या दुकानात सु.चा फोन आला. मी काही बोलायच्या आत चिमीने रिसीव्हर ओढला. "आई, पप्पाच्या वरणाला फेस आला व्हता. आता आमी चटणी खातो. न्हाई, भाजी न्हाई. न्हाई, रोजच चटणी."

फोन माझ्या हातात आला तेव्हा पलीकडून सु., "मी येऊ का?"

"काही गरज न्हाई. बराबर चाललंय."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय. तू पाठ कसे घेतेस ते सांग." मग तिने सांगितलं. चाळीस पोरांसमोर उभी राहिली, खडू मोडला, तरी थांबली नाही. आवाजात असं काही होतं की मी दुकानात उभ्या उभ्या हसत होतो. दुकानदार म्हणाला, लॉटरी लागली का?

तिला परत येऊ द्यायचं नाही. काही झालं तरी नाही.


३१ जुलै

आज ड्यूटी वाशीमची. कनेरगाव नाक्यावर ढाब्याला गाडी थांबली. ड्रायव्हर रऊफभाई आणि मी पाचएक मिनिटांत गरमागरम शेवभाजी खाऊन मोकळे. मी म्हटलं, एवढ्या लवकर कशी बनते हो? रऊफभाईंनी मला सरळ ढाब्याच्या मागे नेलं. मोठ्या पातेल्यात कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण तयार. गिऱ्हाईक आलं की कढईत तेल, वाटण, पाणी, चर्र. झालं.

रऊफभाई म्हणाले, "गायकवाड, तू पूरा पकाता है, इसलिए सड़ता है. आधा पका के रख. बाकी का आधा खाते टाइम."

डोक्यात एकदम डबल बेल वाजली. अर्धं करून ठेवायचं! उरलेलं अर्धं ताटावर बसताना. मग आबा त्याला शिळं कसं म्हणतील? चुलीवरून उतरलेलं डोळ्यांनी दिसेल.

फक्त एक अडचण. ओलं वाटण आमच्याकडे दोन दिवसांत आंबणार. फ्रीज कुठून आणू?


९ ऑगस्ट

सापडलं! सापडलं!

जवळा बाजारला आज बाजार. गाडी खच्चून भरली. एक म्हातारी मावशी मांडीवर गाठोडं धरून बसलेली, आणि त्या गाठोड्यातून असा वास, की मी तिकीट मागायचं सोडून विचारलं, "मावशी, काय हाय यात?"

"येसर हाय बाप्पा. लेकीला घेऊन चालले वसमतला. बाळंतीण हाय, तिला रांधायला टाइम कुठं."

येसर! लग्नाच्या पंगतीत येसर आमटी किती वेळा ओरपली असेल. पण ते लग्नातच करायचं असतं असं मी समजत होतो. मावशी म्हणाली, "लग्नात शंभर माणसं जेवतात म्हणून करतात. तू दोघा-तिघांचं कर. कोरडं पीठ हाय, दोन महिने हलत न्हाई. लसणाची फोडणी घाल, पाणी उकळ, येसर पाण्यात कालवून वत. भाकर मोडेपर्यंत आमटी तयार."

आणि सांगत गेली. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, तीळ, खोबरं, मिरच्या, दगडफूल, लवंग, दालचिनी. मी सीटच्या दांड्याला टेकून ऐकतोय. मागून माणसं ओरडायला लागली, "मास्तर, तिकीट देणार का फुकट नेणार?" वसमत स्टँडवर उतरताना मावशी म्हणाली, "आन् एक ध्यानात ठेव. समदं येगळं येगळं भाजायचं. गव्हाला येळ लागतो, तिळाला न्हाई. एकत्र घातलं की एक जळतं, एक कच्चं राहतं. नवरा-बायकोचं बी तसंच असतं."

मावशी गेली. नाव विचारायचं राहिलं.


१२ ऑगस्ट, रविवार

सगळं एकत्र भाजलं. वेळ वाचावा म्हणून. मावशीने सांगितलं होतं तेच झालं, तीळ कोळसा आणि गहू जसाच्या तसा. मिरच्यांच्या धुराने आबा अंगणात, चिमी अंगणात, शेजारचे राठोड अंगणात. राठोड वहिनी पदर नाकाला लावून, "भाऊजी, घर पेटलं का?"

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी वेगळं वेगळं. राठोड वहिनी पाटावर बसून बघत राहिल्या, हात लावला नाही, फक्त "आता काढा", "आता काढा" म्हणत होत्या. त्यांच्या तांड्यावरही असलं कोरडं करून बैलांच्या पाठीवर नेत म्हणे, आजीच्या काळात.

गिरणीत गेलो. गिरणीवाला मसाला घ्यायला तयार नाही. हातापाया पडलो. माझ्यानंतर ज्यांचा गहू दळला त्यांच्या घरी आज तिखट पोळ्या झाल्या असणार. उद्यापासून आठ दिवस त्या गल्लीने जायचं नाही.


१३ ऑगस्ट, सोमवार

रात्री आबांच्या देखत फोडणी घातली. लसूण तडतडला. येसर ओतलं. घरभर लग्नाचा वास! आबा ताटावर येऊन बसले, न बोलावता. वाटीत बोट बुडवून पाहिलं. भाकरी कुस्करली. एक वाटी, दुसरी वाटी.

मी विचारलं, "आबा, पीठ कालचं हाय. शिळं का?"

आबा तोंड पुसत म्हणाले, "पीठ शिळं व्हय का येड्या? जात्यातून आलेलं समदं जगच शिळं म्हणायचं मग."

कायद्यात नवीन कलम. चिमी टाळ्या वाजवत नाचली. मीही.


३ सप्टेंबर

आज घरी आलो तर चिमी दारातच. "पप्पा, आबांनी गॅस पेटवला!"

ज्या माणसाने जन्मात चुलीकडे पाहिलं नाही, आई असताना पाण्याचा तांब्या उचलून घेतला नाही, त्याने दुपारी चिमीला विचारून विचारून येसर आमटी केली. चिमी म्हणते चार काड्या वाया गेल्या, पाचवीला पेटला आणि आबा दचकून मागे सरले. आता नातीला म्हणतात, "तुझ्या बापापेक्षा माझी आमटी दाट असती."

खरंच असते. येसर दुप्पट घालतात.

आणि नाक्यावर सगळ्यांना सांगत फिरतात, "सून मास्तरीण व्हऊन राहिली. घर मी बघून राहिलो." मी म्हणजे कुणीच नाही. असो.


२३ सप्टेंबर, रविवार

रविवारचं आता अंगवळणी पडलं. सकाळी भाजणं, दळणं. दुपारी चटण्या, आता फक्त दोन. वांगी आठवड्याच्या सुरुवातीला, भोपळा शेवटी, कारण भोपळा टिकतो. मुगाचे सांडगे घातले, चिमीने कावळे हाकलले. धपाट्याचं पीठ मीठ-तिखट-ओवा घालून कोरडंच ठेवतो, पाणी ओतलं की थापायला तयार. पैठणच्या ड्रायव्हरने सांगितलेली दशमी करून पाहिली, दुधात भिजवलेली. तीन दिवस मऊ राहते. आबा म्हणाले, दूध कितीबी घाला, भाकर शिळी ती शिळीच. बरं.

गाडीत आता बायका आपणहून सांगतात. कालची एक बाई औंढ्याला उतरता उतरता पायरीवर थांबली, "मास्तर, तिळाच्या कुटात लसूण कच्चा नका घालू," आणि अख्खी गाडी खोळंबली. रऊफभाई म्हणतात या गाडीवर पाटी लावू या, हिंगोली–वसमत, मार्गे स्वयंपाक.


७ ऑक्टोबर, रविवार

देशमुखची ड्यूटी अंगावर आली, त्याच्या घरी कुणी आजारी. सुट्टी गेली. निघताना आबांना विचारलं, येसर कितपत हाय? आबांनी डबा हलवला आणि म्हणाले, "येसर वाढलं बरं का."

वा! म्हटलं चला, आबांनी हात आखडता घेतलाय, बरंच उरलेलं दिसतंय. मग आज भाजायला नको. रात्री थकून आलो. पाच-सहा भाकऱ्या थापल्या, दह्यासोबत खाऊन झोपलो. उरलेल्या टोपल्यात.


८ ऑक्टोबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी उठायला उशीर, भाकऱ्या न करताच पळालो. संध्याकाळी जवळा बाजारच्या पुढे गाडी पंक्चर. घरी यायला दिवा लागून गेलेला. दारात सु.ची चप्पल.

तहसीलच्या कामासाठी आली होती, एका रात्रीपुरती, न कळवता. आत गेलो. सु. भिंतीला टेकून उभी, अजून बॅगही खाली ठेवलेली नाही. चिमी ओट्यापाशी, येसरचा डबा हातात, डबा स्वच्छ रिकामा. चिमी पुटपुटली, "पप्पा, दुपारचा भात होता होता गॅसबी गेला."

आणि आबा पाटावर बसलेले. समोर ताट. ताटात कालची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरीच्या कडा वाळून वर आलेल्या. आबा घास मोडत होते, मोडत नव्हता, दोन्ही हातांनी मोडला. तोंडात घातला. चावला.

सु. हळूच म्हणाली, "आबा, भाकर कधीची हाय?"

आबांनी मान वर केली नाही. "ताजी हाय. आत्ताच केली म्या."

गॅसची शेगडी थंडगार. तवा भिंतीला टांगलेला. मी चिमीकडे, चिमी माझ्याकडे.

सु.ने बॅग खाली ठेवली. आबांच्या शेजारी बसली, त्यांच्या ताटातली भाकरी मोडली, चटणीला लावून खाल्ली. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "व्हय आबा. गरम बी हाय अजून."

मला तिथे उभं राहवेना. राठोडांकडे सिलिंडर मागायला गेलो. वहिनी म्हणाल्या डोळ्याला काय झालं? मी म्हटलं, येसर भाजत होतो.


९ ऑक्टोबर, मंगळवार

सु. तहसीलचं काम उरकून दुपारच्या गाडीने नांदेडला गेली. परत येण्याचं काही बोलली नाही. खिडकीतून फक्त, "आबांना गरम देत जा. आन् येसर वाढलं म्हणजे काय ते बायकोला विचारत जा."

तिनेच सांगितलं मला. घरात काही संपलं तर संपलं म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. वाढलं म्हणायचं. मीठ वाढलं, तेल वाढलं. आई म्हणायची तसं. मी लहानपणी ऐकलं असणार, पण स्वयंपाकघरात कधी गेलो होतो? आणि आबांनी तो शब्द जपून ठेवलाय इतकी वर्षं. मी आपला आनंदात, की डबा भरलाय!

रात्री भीत भीत आबांना विचारलं, "काल असं काहून केलं? मी आलोच असतो."

आबा म्हणाले, "तू आला असता. पण पोरगी पेटी भरून माघारी आली असती."

"पण आबा, तुमी तर शिळं..."

"ते तुकडे दुसऱ्याच्या दारचे व्हते. ही भाकर आपल्या घरची. आपल्या भाकरीला शिळी म्हणणारा कोण हाय?" मग, "म्हणून रोज देऊ नको. कायदा बदलला न्हाई."


२६ ऑक्टोबर, दसरा

सकाळी विहारात वंदनेला गेलो. आबा पांढऱ्या शर्टात ताठ. सु. आली, चार दिवस. तिच्यासाठी काही करायला घेतलं की म्हणते, हात काढा, मला करू द्या. मग पाच मिनिटांनी, "येसर कुठं ठेवता तुमी?" आमच्या घरात आता तिला डबे सापडत नाहीत. मला फार मजा वाटली. तिलाही वाटली असावी, पण ती दाखवत नाही.


१३ जानेवारी २००२, रविवार

होस्टेलच्या पोरींनी येसर मागवलंय. सु. नेते आणि तिथे रात्री मेसच्या पाणचट वरणात कालवून सगळ्या खातात. आजपासून दोन डबे. गिरणीवाला आता मसाल्याला नाही म्हणत नाही. फक्त म्हणतो, सगळ्यात शेवटी.


२७ एप्रिल, शनिवार

सु.चे पेपर चालू. आज नांदेडच्या गाडीला ड्यूटी मिळवली मुद्दाम. आबा म्हणाले मीबी येतो. मांडीवर येसरचा डबा, वर कापडात गरम भाकऱ्या गुंडाळलेल्या. मी म्हटलं द्या, रॅकवर ठेवतो. दिला नाही. अर्धापूरपासून सारखे कापडाला हात लावून बघत होते. "आसोक, गाडी जरा हाण म्हण. निवून राहिल्या."

रऊफभाईंनी हाणली.

होस्टेलच्या दारात सु. आली, हातावर शाईचे डाग. आबांनी कापड उघडलं. तिने तिथेच, उभ्यानेच, एक घास खाल्ला आणि आबांकडे बघितलं. दोघंही हसायला लागली. मला काही सांगितलं नाही.

निकाल कधी लागेल, मग नोकरी लागेल का, लागली तर औंढ्याला की वसमतला की दूर कुठल्या खेड्यात, काही ठाऊक नाही. परतीच्या गाडीत आबांना म्हटलं, लांब लागली तर पुन्हा आपण तिघंच. आबा डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले.

"येसर वाढलं," ते म्हणाले.

या वेळी मला बराबर कळलं. घरी आल्या आल्या गहू निवडायला घेतलाय. उद्या रविवार.